पाणी कोणाकडे प्यालो

त्या दिवशी मी त्या वस्तीत पाणी प्यालो नव्हतो. कागदावर मात्र प्यालो असं लिहिलं, आणि ज्या बाईकडे प्यालो तिचं नावही लिहिलं. त्या नावाची बाई त्या वस्तीत नव्हती. ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. बायकोला नाही, ऑफिसातल्या कोणाला नाही. एका माणसाला ती न सांगताच कळली होती आणि त्यांनीही ती कोणाला सांगितली नाही. ते आता नाहीत. त्यांच्याविषयी लिहायचं बरीच वर्षं मनात आहे, पण दर वेळी इथंच येऊन पेन थांबायचा. म्हणून या वेळी सुरुवात इथूनच केली.

आम्ही त्यांना साहेब म्हणायचो. सत्तरचं दशक संपत आलं होतं. वर्ध्याला तेव्हा जिल्ह्याच्या आराखड्यासाठी एक तात्पुरता कक्ष उघडला होता. पुढच्या वीस वर्षांत वस्ती कुठं वाढेल, कारखाने कुठं येतील, ट्रक कोणत्या रस्त्यानं वळतील, कोणती जमीन शेतीच राहू द्यायची, हे सगळं नकाशावर मांडायचं. दोन खोल्या, एक व्हरांडा, व्हरांड्यात लाकडी तिवईवर माठ. साहेब कक्षाचे प्रमुख आणि मी ट्रेसर. म्हणजे त्यांनी पेन्सिलीनं काढलेल्या नकाशावर निळसर मेणकापड पसरायचं, त्यावर खडूची पूड चोळायची आणि शाईनं रेघा उतरवायच्या. चुकलं तर ब्लेडनं हलकं खरवडायचं. या कामात माझा हात चांगला होता.

साहेब सगळ्यांना हुद्द्यानं हाक मारायचे. मला ट्रेसर, टायपिस्टला टंकलेखक, नागपूरच्या वरिष्ठांनासुद्धा पाठीमागे नुसतं 'उपसंचालक'. माझं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही याची मला बरेच दिवस शंका होती. पँटच्या उजव्या पायाला सायकलची क्लिप असायची, ती ऑफिसात टेबलाशी बसल्यावरही निघत नसे. कक्षाला जीप होती. साहेब तिच्यात बसत नसत. जीपमधून फक्त मागची धूळ दिसते, पुढचं गाव दिसेपर्यंत ते निघून जाते, असं त्यांचं म्हणणं. ड्रायव्हर बिचारा दिवसभर जीप पुसायचा आणि संध्याकाळी साहेबांच्या सायकलला हवा भरून द्यायचा.

त्यांची जात कक्षात कोणालाच माहीत नव्हती. आडनाव असं की कुठंही बसेल. ही गोष्ट लोकांना फार अवघड जायची. टंकलेखकानं एकदा आडून आडून विचारलं, साहेब, आपण मूळचे कोणते? साहेब म्हणाले, आर्वीकडचे. तो म्हणाला, तसं नाही, म्हणजे आपल्यात लग्नकार्य कसं असते? साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि सांगितलं, उन्हाळ्यात असते, अन् फार घाम येते.

नकाशावर कोणता रंग कशाचा हे ठरलेलं असतं. शेती हिरवी, कारखाने जांभळे, वस्ती पिवळी. रंगीत पेन्सिलींचा एक पत्र्याचा डबा साहेबांकडे होता. बाकीच्या पेन्सिली कोणीही तासाव्या, पण पिवळी ते स्वतः तासायचे, ब्लेडनं, खाली वर्तमानपत्र घेऊन. पिवळं लावलं की तिथं कोणाची तरी चूल आहे असं आपण सरकारला लिहून देतो, तेव्हा टोक नीट पाहिजे, असं ते म्हणत. मला तेव्हा हे ऐकून हसू यायचं.

हिंगणघाटला मिलची पाळी सुटण्याच्या वेळी आम्ही चार दिवस फाटकासमोर उभे होतो. कामगार सुटल्यावर कोणत्या दिशेला किती जातात हे मोजायचं होतं, कारण त्यावरून घरं कुठं लागतील आणि रस्ता कुठं रुंद करावा लागेल हे ठरायचं. साहेबांची मोजायची रीत स्वतःची. उजव्या खिशात भाजलेले चणे. नदीकडे एक सायकल गेली की एक चणा डाव्या खिशात, हायवेकडे गेली की शर्टाच्या खिशात. भोंगा वाजला की त्यांचे हात असे चालायचे की फाटकावरच्या चौकीदाराला संशय आला. त्यानं येऊन दरडावलं, काय चाललंय म्हणून. साहेब न थांबता म्हणाले, तुमचे लोक कुठी राह्यतात ते पाहून राह्यलो, जरा बाजूला व्हा, दोन गेले. गर्दी ओसरल्यावर फुटपाथवर बसून त्यांनी दोन्ही खिशांतले चणे वेगवेगळे मोजले, वहीत आकडे लिहिले आणि चणे आम्ही खाल्ले. दुसऱ्या दिवशी पुन्हा पावशेर.

गावात शिरल्यावर त्यांचा पहिला प्रश्न लोकसंख्येचा नसायचा. विहिरीवरच्या बायकांना ते विचारायचे, इथं डाळ शिजते का? बायका आधी हसायच्या आणि मग सांगायच्या. त्या तलावाकडच्या विहिरीच्या पाण्यात शिजते, शाळेजवळच्या पाण्यात शिजत नाही. साहेब खूण करून घेत. जिथं डाळ शिजते तिथं माणूस घर बांधतो, बाकी सगळं मागून येतं, हा त्यांचा सिद्धांत. एका अहवालात त्यांनी 'पाणी डाळीस योग्य' असं लिहून पाठवलं. ते पान नागपूरहून तांबड्या शाईचा गोल घेऊन परत आलं. साहेबांनी 'डाळीस' खोडून 'तुरीच्या डाळीस' केलं आणि पुन्हा पाठवलं.

या सगळ्याच्या वर एक रकाना होता.

गावपाहणीची छापील पत्रकं आमच्याकडे यायची. गावाचं नाव, घरं किती, पक्की किती, कच्ची किती, विहिरी, शाळा, रस्ता. साहेब प्रत्येक पत्रकावर पट्टी ठेवून उजवीकडे एक उभी रेघ मारायचे आणि वर लिहायचे: पाणी कोणाकडे प्यालो. प्रत्येक वस्तीपुढे तिथं एक नाव पाहिजे. ते नसेल तर पत्रक घ्यायचे नाहीत, मग तुम्ही चाळीस मैल सायकल हाणून आलेले असा. मी नवा असताना वैतागून विचारलं होतं, सर, याचा आराखड्याशी काय संबंध? ते वऱ्हाडीत आले. महत्त्वाचं बोलायचं असलं की ते वऱ्हाडीत येत.

"पाणी मागाले दारात उभं राहा लागते, ट्रेसर. दारात उभं राह्यलं का घर दिसते. रस्त्यावरून छप्पर दिसते. छपरं मोजाले तुले काऊन पाठवू? ते तर आभाळातल्या इमानातूनही मोजता येते."

गावोगाव त्यांचं नाव पाणीवाले साहेब असं पडलं होतं. लोकांना वाटायचं हे पाणीपुरवठ्याचे. नाचणगावकडच्या एका म्हाताऱ्यानं त्यांना बंद पडलेल्या हातपंपापाशी नेऊन उभं केलं आणि तासभर सोडलं नाही. साहेबांनी सांगून पाहिलं की मी नकाशेवाला. म्हातारा म्हणाला, मंग नकाशात पाणी दाखवा.

माझ्यावर त्यांचा लोभ होता. माझे रकाने नेहमी भरलेले असत. मी देवळीकडच्या शेतकरी घरातला, गावोगाव नातीगोती, कुठंही गेलो तरी कोणाची तरी मावशी, कोणाचा तरी मामा निघायचाच. एकदा सगळ्यांसमोर ते म्हणाले, ट्रेसरच्या पाण्यावर आपला भरोसा आहे. मी त्या दिवशी घरी जाऊन ते आईला सांगितलं होतं.

मे महिन्यात त्यांना ऊन लागलं. दोन दिवस शुद्ध नव्हती, मग आठवडाभर दवाखान्यात पडून होते. नागपूरहून रोज निरोप, आराखडा कधी देता. उरलेली गावं आम्ही वाटून घेतली. माझ्याकडे तीन आली. त्यातल्या तिसऱ्या गावाचं नाव मी इथं लिहीत नाही. ते नाव ज्यांना कळायला पाहिजे त्यांना न लिहिताही कळेल.

त्या गावात माझ्या आईची चुलत बहीण दिलेली होती. यशोदामावशी. तिच्याकडे जेवलो, पाणी प्यालो, ओसरीवर बसून मावसोबांना विचारून गावची घरं लिहून घेतली. नाल्यापलीकडे बौद्धांची वस्ती होती. तिकडे जातो म्हणालो तर मावसोबा म्हणाले, "कायले उन्हाचा जातो? आठ-दहा झोपडे आहेत. आज आहेत, उद्या नाई." त्या वस्तीला लागून त्यांचं शेत होतं. हे मला ठाऊक होतं.

तरी मी गेलो. नाल्याच्या अलीकडच्या काठावर जाऊन उभा राहिलो. पलीकडे चढ, चढावर चिंचेची चार-पाच मोठी झाडं आणि झाडांच्या पुढं घरांची एक ओळ. मागं काय आहे ते तिथून दिसत नव्हतं. पहिल्या घरातून एक बाई बाहेर आली. चाळिशीची असेल. तिनं कपाळावर हात धरून पाहिलं, आत गेली आणि तांब्या-पेला घेऊन उतारापर्यंत आली.

"काऊन जी, उन्हाचे उभे राह्यले? या ना इकडं. पाणी घ्या."

मी म्हणालो, आत्ताच घेतलं.

"मंग सावलीत तरी बसा."

मी येतो म्हणालो आणि वळलो. आलो नाही.

मला तहान लागली होती हे लिहायला पाहिजे. जीभ टाळूला चिकटली होती. तिथं पाहणारं कोणी नव्हतं, आईला कळण्याचा प्रश्न नव्हता. मी कॉलेजात शिकलेला होतो. वर्ध्यात राहणाऱ्या माणसानं अस्पृश्यतेवर जितकी भाषणं ऐकलेली असतात तितकी ऐकलेली होती, एक-दोन केलीही होती. छप्पन साली या लोकांनी धर्म बदलला, आपण अजून मन बदललं नाही, असं एक वाक्य त्यात होतं. त्याला टाळ्या पडायच्या. आणि नाल्याच्या काठावर माझे पाय पुढे गेले नाहीत. कोणी रोखलं म्हणून नाही. मी जाऊ शकत होतो, मी गेलो नाही. अर्धा कोस मागे येऊन एका शेतातल्या मोटारपंपाला ओंजळ लावून पोट फुगेस्तोवर पाणी प्यालो.

तिथंच बाभळीखाली बसून पत्रक भरलं. नाल्यापलीकडील वस्ती: आठ-दहा झोपड्या, तात्पुरत्या. शेवटच्या रकान्यात पेन अडला. मग लिहिलं, यशोदाबाई. पाणी तर तिच्याकडेच प्यालो होतो, असं मी स्वतःला समजावलं. पण ते नाव मी नाल्यापलीकडच्या ओळीत लिहिलं होतं.

साहेब दवाखान्यातून उठून थेट कक्षात आले. गाल बसलेले, हात थरथरत होता. कापसाच्या गाड्या आणि ट्रक गावातून न जाता बाहेरून वळावेत म्हणून एक वळणरस्ता आखायचा राहिला होता. ते एरवी कोणतीही रेघ पायी चालल्याशिवाय काढत नसत. या वेळी चालायची ताकद नव्हती आणि दिवसही नव्हते. त्यांनी माझं पत्रक समोर घेतलं. शेवटच्या रकान्यावरून बोट फिरवलं. तात्पुरत्या झोपड्यांना पिवळा रंग नसतो, म्हणून मग हिरवी पेन्सिल घेऊन नाल्यापलीकडची जागा हिरवी केली आणि तिच्यातून लाल रेघ ओढली. नाल्यावर पूल तिथंच स्वस्त पडत होता. त्यांच्या हातची न चाललेली रेघ मी तेवढी एकच पाहिली. दुसऱ्या दिवशी तिच्यावर मी शाई फिरवली. हात जराही हलला नाही.

आराखडा प्रसिद्ध झाला की लोकांच्या हरकती मागवतात. तहसिलीच्या भिंतीवर नोटीस लागते, ती कोण वाचतो? पण त्या वस्तीतले एक शाळामास्तर होते, त्यांनी वाचली. सुनावणीच्या दिवशी वस्तीतले तीसेक लोक एसटीनं वर्ध्याला आले. बायका पांढऱ्या लुगड्यांत, म्हातारे टोप्या घालून. इतके लोक कक्षात मावेनात म्हणून टेबल व्हरांड्यात काढलं. मधल्या खुर्चीवर नागपूरहून आलेले उपसंचालक, एका बाजूला साहेब. मी नकाशा धरून मागे.

मास्तरांनी वाचून दाखवलं की आमची चाळीसच्या वर घरं आहेत, एक विहार आहे, आम्ही स्वतः खोदलेली विहीर आहे आणि रस्ता बरोबर विहिरीवरून जातो आहे. उपसंचालकांनी नकाशा पाहिला. म्हणाले, नकाशात तर इथं वस्तीच नाही.

पुढं बसलेली बाई उठली. ती तीच होती. "मंग आम्ही कुठी राहून राह्यलो, साहेब?"

लोक हसले. उपसंचालकही जरा हसले. साहेब हसले नाहीत. त्यांनी फाईलमधून माझं पत्रक काढलं, शेवटचा रकाना वाचला आणि लोकांकडे पाहून विचारलं, तुमच्यात यशोदाबाई कोण?

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. मास्तर म्हणाले, आमच्या वस्तीत या नावाचं कोणी नाही. साहेबांनी पुन्हा विचारलं, मागल्या वर्षी होती, आता नसेल? नाही जी, कधीच नाही. मग साहेबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. एखादा आकडा दोनदा मोजूनही जुळत नसला की ते असे पाहत.

उपसंचालक वैतागले. हे पाण्याचं काय काढलंय, मुद्द्याचं बोला. पत्रकात तात्पुरत्या झोपड्या लिहिलंय, हे म्हणतात चाळीस घरं. पाहणी केली कोणी? मी केली म्हणालो. ते म्हणाले, मग तुम्ही सांगा. खरं काय? पत्रक चुकलं असेल तर फेरपाहणी लावतो, लाइन हलवता येईल, अजून वेळ गेलेली नाही.

मी तात्पुरता होतो. कायम करण्याची माझी फाईल त्याच उपसंचालकांच्या टेबलावर होती. खोटं पत्रक भरल्याची नोंद झाली असती तर नोकरी गेली असती. पण आज खरं सांगायचं तर तेवढंच कारण नव्हतं. मी तिथं का गेलो नाही, हे त्या बाईसमोर मला सांगावं लागलं असतं.

मी म्हणालो, "मी पाहिलं तेव्हा तेवढ्याच होत्या, साहेब. नंतर वाढल्या असतील."

ती बाई म्हणाली, "वाढल्या नाई जी. माहा पोरगा त्याच घरी जलमला. त्याले आता पोरं आहेत."

उपसंचालकांनी काहीतरी लिहून घेतलं. नंतर मी ते वाचलं. पाहणीनंतर झालेलं अतिक्रमण दिसते, असं होतं.

साहेब उभे राहिले. म्हणाले, ही वस्ती मी पाहिलेली नाही, रेघ माझी आहे, न चालता काढली ही चूक माझी आहे, मला आठ दिवस द्या, मी चालून येतो. उपसंचालक म्हणाले, तुमच्या चालण्यासाठी सरकार थांबत नाही. तुमच्या माणसानं आत्ताच सांगितलं ना? साहेब माझ्याकडे न पाहता खाली बसले. पत्रक खोटं आहे एवढं एक वाक्य त्यांनी उच्चारलं असतं तर फेरपाहणी झाली असती. ते उच्चारलं नाही.

लोक उठले. व्हरांड्यातल्या माठाशी ती बाई पाणी प्याली, पदरानं तोंड पुसलं आणि माझ्यासमोर येऊन थांबली. "तुम्हीच आलते ना जी तवा? मी पाणी घेऊन आलती."

मी म्हणालो, नाही, तो दुसरा कोणी असेल.

साहेब पायरीशी सायकलला हवा भरत होते. त्यांचा पंप मध्येच थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

त्यानंतर साहेबांनी नागपूरला चार पत्रं लिहिली. फेरपाहणीची मागणी, सगळा दोष स्वतःवर. टायपिंगला आली तेव्हा मी ती वाचली. माझा उल्लेख एकाही पत्रात नव्हता. पाचव्या पत्राऐवजी त्यांच्या बदलीचा कागद आला, चंद्रपूरच्या पलीकडे. जायच्या दिवशी त्यांनी पेन्सिलींचा डबा टेबलावरच ठेवला, ती सरकारी मालमत्ता म्हणून. पिवळीचा तुकडा उरला होता बोटाच्या पेराएवढा. मला म्हणाले, येतो, आणि माझं नाव घेतलं. पहिल्यांदा आणि एकदाच.

मी कायम झालो. पुढं बढतीही मिळाली. रस्ता ऐंशीनंतर दोन-तीन वर्षांत झाला. वस्ती उठवून दीड कोसावर गावठाणाबाहेरच्या माळावर बसवली. त्या माळावरचं पाणी मला ठाऊक होतं, साहेबांच्याच वहीत त्याची नोंद होती. त्यात डाळ शिजत नाही.

एकदाच त्यांची भेट झाली, आठ-नऊ वर्षांनी. पुलगाव स्टेशनवर आर्वीची छोटी गाडी सुटायची होती. बाकावर एक म्हातारा माणूस बसलेला, पँटला सायकलची क्लिप, सायकल कुठंच नाही. गाडीतून उतरणारे लोक पाहत त्यांचा हात उजव्या खिशातून डाव्या खिशात जात होता. मी जवळ जाऊन नमस्कार केला. त्यांनी सरकून जागा दिली, हातावर चणे ठेवले. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. मी विचारलं, आता कोणासाठी मोजता? ते म्हणाले, सवय आहे बाप्पा, अन् ही गाडी हे लोक एखाद दिवशी बंद करतीन, तेव्हा कोणाजवळ आकडा तं असला पाहिजे.

मग म्हणाले, दरसाल त्या माळावर जातो. पाणी खारं आहे. विहीर केली त्यांनी तिथंही, पण खारंच लागलं. ती बाई अजून आहे. त्यांनी आणखी एक चणा डाव्या खिशात टाकला. "ते बाई म्हणते, त्या पोराले ऊन लागलं असंल, म्हणून तो तसा बोलला."

माझ्या हातात चणे होते, ते मी खाऊ शकलो नाही. इतकी वर्षं जे विचारायचं होतं ते विचारलं. सर, तुम्हाला त्याच दिवशी कळलं होतं. तुम्ही का नाही बोललात?

"तू बोलशील म्हणून थांबलो," ते म्हणाले. "त्या दिवशी नाई बोलला. म्हटलं, उद्या बोलशील. मंग बदलीचा कागद आला." गाडीनं शिटी दिली. ते उठले, पिशवी घेतली. "तुह्यापेक्षा माही चूक मोठी आहे. चाळीस घरं होती, अन् मी एका माणसाची वाट पाहत बसलो."

मी त्यांची पिशवी डब्यात ठेवून दिली. ते वारल्याचं मला सहा महिन्यांनी कळलं. मी त्यांच्या गावी गेलो नाही.

कक्ष बंद झाला, त्याचे कागद दुसऱ्या ऑफिसात आले, आणि कागदांबरोबर मीही. जुन्या नकाशांचं कपाट माझ्या ताब्यात असतं. मागच्या महिन्यात एक तरुण आला. त्या मास्तरांचा मुलगा. माळावरच्या घरांचे पट्टे, म्हणजे जागेच्या मालकीचे कागद, त्यांना अजून मिळालेले नाहीत, कारण कागदोपत्री ते लोक विस्थापित नाहीत, अतिक्रमणवाले आहेत. त्याला जुन्या पाहणीच्या पत्रकाची नक्कल पाहिजे होती. मूळ पाहणीच चुकीची होती असं त्याचे वडील मरेपर्यंत सांगत होते. तो मला ओळखत नव्हता. मला काका म्हणाला. मी म्हणालो, फाईल सापडत नाही, पंधरा दिवसांनी ये. फाईल माझ्या टेबलाच्या खणात होती.

येत्या सोमवारी तो पुन्हा येणार आहे. माझ्या नोकरीची सहा वर्षं राहिलीत.

मी त्या वस्तीला माझ्या सहीचं एक निवेदन देणं लागतो: रस्त्याची रेघ काढली त्याच्या आधीपासून तिथं चाळीसच्या वर घरं, एक विहीर आणि एक विहार होता, आणि पाहणी करणारा नाला ओलांडून तिथं गेलाच नव्हता. आणि ती बाई असेल तर तिच्या, नसेल तर तिच्या मुलाच्या दारात उभं राहून पाणी मागायचं माझं राहिलं आहे.